आरटीएक्स ५०७० सुपरसाठी थांबू, की आत्ताच ग्राफिक्स कार्ड घेऊन टाकू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही डोंबिवलीत राहता, लग्नांचे व्हिडिओ एडिट करता, मशीनमध्ये अजून जीटीएक्स १०६० आहे आणि नव्या कार्डासाठी ६५ हजार बाजूला काढलेत. '५० सुपर', म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५० मालिकेची सुधारित कार्डं, येणार म्हणून दिवाळीपासून थांबलायत. आता कोणी म्हणतं पुढे ढकललं, कोणी म्हणतं रद्दच झालं, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दर खेपेला नवा भाव ऐकायला मिळतोय.

नका थांबू.

पण एवढं म्हणून सुटता येणार नाही. तुम्ही ज्याची वाट बघताय ते कार्ड एनव्हिडियाने जाहीरच केलेलं नाही. जे जाहीर नाही ते पुढे ढकललं कसं जाणार? स्थळ सांगून आलेलं नाही आणि वऱ्हाडी मात्र मुहूर्त चुकला म्हणून हळहळतायत, तशी गत आहे. (तुमच्याच धंद्यातली उपमा, चालवून घ्या.) जानेवारी २०२६च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सुपर येणार असं सगळे धरून चालले होते. तिथे एनव्हिडियाचं एकही नवं जीफोर्स (गेमिंगचं) कार्ड आलं नाही, एवढीच पक्की बातमी. बाकी सगळं 'सूत्रांकडून'.

अर्थात ही अफवा हवेतून आलेली नाही, ती पाढ्यांतून आलीय. ५०७० कार्डाचा मेमरीचा रस्ता १९२ बिटांचा आहे आणि प्रत्येक मेमरी चिपला ३२ बिटांची गल्ली लागते, म्हणजे कार्डावर सहा चिप्स. आज एका चिपमध्ये २ जीबी मावतात: सहा दुणे बारा. जीडीडीआर७ या ग्राफिक्स मेमरीची ३ जीबीची चिप निघाली तेव्हा लोकांनी लगेच सहा त्रिक अठरा केलं आणि '१८ जीबीची ५०७० सुपर' जन्माला आली. ५०८०वर आठ चिप्स असतात, म्हणून तिची सुपर २४ जीबीची. हिशोब बरोबर आहे, आणि ती ३ जीबीची चिपही खरी आहे. लॅपटॉपच्या ५०९०मध्ये तशा आठ लावून २४ जीबी केलेत. आरटीएक्स प्रो ६००० नावाच्या वर्कस्टेशन कार्डावर पाठपोट मिळून बत्तीस लावून ९६ जीबी केलेत.

आता घटकाभर एनव्हिडियाच्या गल्ल्यावर बसा. मोजक्या ३ जीबीच्या चिप्स हातात आल्यात. त्या तुमच्या-माझ्या साठ हजारांच्या कार्डावर सहा-सहा लावाल, की ज्या कार्डाची किंमत लाखांत जाते त्यावर बत्तीस? जानेवारी २०२५ला संपलेल्या आर्थिक वर्षात या कंपनीची विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर होती. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे, गेमिंगचे जेमतेम ११. आपण त्या दुकानातलं सुटे पैसे देणारं गिऱ्हाईक आहोत. शेठ हसून बोलतो, पण आधी मागच्या दाराचा टेम्पो भरतो.

आणि टंचाई एनव्हिडियापुरती नाही, खरं दुखणं मेमरीचं आहे. जगातली बहुतेक डीरॅम (रॅममध्ये असते ती मेमरी) तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते. तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५च्या, म्हणजे पीसीच्या रॅमच्या, साधारण तिप्पट वेफर (चिप्स कापतात ती सिलिकॉनची चकती) खर्ची पडतं. नवा कारखाना उभा करायला वर्षं लागतात, त्यामुळे असलेल्या कारखान्यातलंच पीठ दुसऱ्या भाकरीला गेलं आणि आपली परात रिकामी राहिली. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने 'क्रुशल' हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करणार म्हणून सांगून टाकलं. ज्या क्रुशलच्या रॅमवर मुंबईतले निम्मे असेंबल केलेले पीसी चालत असतील, ती. (निम्मे हा माझा अंदाज, माझ्या ओळखीतल्या मशीनांवरून.)

लॅमिंग्टन रोडवर हे कसं दिसतं ते सांगतो. मी गिरगावात राहतो, ऑपेरा हाऊसवरून चालत तिकडे जातो. माझा नेहमीचा दुकानदार एस्टिमेट लिहून देतो: पिवळट कागद, खाली कार्बन, निळं बॉलपेन. गेल्या खेपेला बघितलं तर प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट सगळं पेनाने आणि रॅम व एसएसडीचे आकडे पेन्सिलीने. विचारलं तर म्हणाला, "सकाळी डिस्ट्रिब्युटरचा व्हॉट्सॲप येतो, संध्याकाळी दुसरा येतो. पेनाने लिहून उद्या तुमच्याशी भांडू का?" मी २०२५च्या मे महिन्यात ३२ जीबीची डीडीआर५ जोडी साडेआठ हजारांना घेतली होती. डिसेंबरात तीच जोडी त्याने पंचवीस हजारांच्या वर सांगितली, आणि सांगताना त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

ग्राफिक्स कार्डावरची मेमरी वेगळ्या जातीची, पण येते त्याच तीन कंपन्यांकडून. शिवाय स्वस्त कार्डाच्या किमतीत मेमरीचा वाटा जास्त असतो. म्हणून माझा होरा असा, की महागाईचा चिमटा आधी 'कमी किमतीत जास्त जीबी' वाल्या कार्डांना बसेल. नेमकी तुमच्या बजेटमधली. ५०९० घेणाऱ्याला दहा हजार इकडेतिकडे झाले तरी कळत नाही.

लाँच लांबण्याची कारणं दर वेळी निराळी असतात आणि लीक देणारे सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधतात. कधी मालच नसतो, जसा आत्ता. कधी माल तयार असतो, किंमत तयार नसते. जानेवारी २०२५मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीची आरएक्स ९०७० दुकानांच्या गोदामात येऊन पडली होती, पण सीईएसच्या मुख्य भाषणात तिचं नावही निघालं नाही. एनव्हिडियाने ५०७०चे ५४९ डॉलर सांगितले. एएमडीने दीड-दोन महिने कळ काढली आणि ६ मार्चला, ५०७० बाजारात आल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपलं कार्ड विकायला काढलं. साधी ९०७० त्याच ५४९ला, एक्सटी ५९९ला. आणि कधी जाहीर झालेलं कार्डसुद्धा मागे जातं. २०२२मध्ये १२ जीबीची ४०८० एनव्हिडियाने ८९९ डॉलरला जाहीर केली, लोकांनी शिव्या घातल्या, १४ ऑक्टोबरला मागे घेतली. जानेवारी २०२३मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने ७९९ला आलं. बारसं दोनदा, मूल एकच.

चौथं कारण, जुना माल पडून असणं. ते मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा लांबण लावतो. २०१८च्या जूनमध्ये तैपेईत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांना विचारलं, पुढचं जीफोर्स कधी? त्यांनी हसत सांगितलं, अजून खूप वेळ आहे. मी भाबडा. जुलैत जाऊन १०७० घेतलं. २० ऑगस्टला जर्मनीत त्याच माणसाने आरटीएक्स २० मालिका जाहीर केली. पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही. मायनिंगचा (ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन कमावण्याचा) फुगा फुटल्यामुळे जुनी कार्डं ढिगाने पडून होती हे नोव्हेंबरात कंपनीच्याच निकालात बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात जवळपास १९ टक्के आपटला. पण नव्या कार्डांच्या किमती बघितल्या तेव्हा माझं दुःख आटोपलं: १०७० निघालं तेव्हा ३७९ डॉलरपासून होतं, २०७० आलं ते ४९९पासून. थांबलो असतो तर नव्यासाठी एवढे पैसे नव्हतेच. जुनंच शोधत फिरलो असतो.

उलटा फटका २०२१मध्ये बसला. तेच १०७० एप्रिलमध्ये बंद पडलं. 'ब्रेक द चेन'चे दिवस, दुकानं बंद. निर्बंध सैल झाल्यावर जूनमध्ये गेलो तर ३०६०, जिची भारतातली जाहीर किंमत २९,५०० होती, ती ५८ हजारांना. वर अट अशी, की कार्ड एकटं मिळणार नाही, सोबत ६५० वॅटची पॉवर सप्लाय घ्यावीच लागेल. दुकानाचं नाव काढत नाही, तेव्हा सगळेच तसं करत होते. "थांबतो, भाव उतरतील" म्हणून मी परत आलो. जुलैत एका नाटकाच्या प्रोमोचं काम हातचं गेलं, ऑगस्टमध्ये गणपती मंडळांची कामं दारात उभी राहिली, आणि मी तेच कार्ड ६२ला घेतलं, पॉवर सप्लायसकट. ती पॉवर सप्लाय अजून माळ्यावर सीलबंद आहे. आई दर दिवाळीला विचारते, हे खोकं टाकू का? भाव उतरले ते २०२२च्या उन्हाळ्यापासून, आणि १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंगच बंद झालं. सव्वा वर्ष कोण थांबणार होतं?

डॉलरचा हिशोबही हाताशी ठेवा, दुकानात उपयोगी पडतो. ५० मालिका आली तेव्हा भारतातल्या जाहीर किमती होत्या: ५०९० २,१४,०००, ५०८० १,०७,०००, ५०७० टीआय ८०,०००, ५०७० ५९,०००. अमेरिकेतल्या १,९९९, ९९९, ७४९ आणि ५४९ने भागून बघा. चारही वेळा डॉलरला साधारण १०७ रुपये पडतात. तेव्हा डॉलर ८६च्या आसपास होता. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १०१-१०२, वरचे पाच-सहा रुपये मधल्यांचे. डिसेंबर २०२५मध्ये डॉलर नव्वदीपार गेला. तोच गुणाकार त्या दराने केला तर ११२ येतात. म्हणजे अमेरिकेत एक सेंटही न वाढवता ५०७० आपल्याकडे ६१ हजारांच्या पुढे जाते. आणि सुपर समजा त्याच ५४९ डॉलरला आली, जे आजच्या मेमरीच्या भावात मला स्वप्नरंजन वाटतं, तरी तुम्हाला ५९ हजारांत मिळणार नाही. पहिल्या महिन्यात तर नाहीच. पहिल्या लॉटवर इथे नेहमीच वरकड लागते.

आता तुमच्या कामाचं. १०६० जुलै २०१६चं कार्ड आहे. एनव्हिडियाने त्या पिढीचे नेहमीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबवले. सुरक्षेपुरते अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत येतील. ही तारीख अफवा नाही. दुसरं, हल्ली लग्नाचे कॅमेरेवाले सर्रास १० बिट ४:२:२ या जास्त रंगमाहितीच्या फॉरमॅटमध्ये शूट करून देतात. ते फुटेज १०६०ला हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, म्हणून टाइमलाइन अडखळते आणि तुम्ही रात्रभर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवत बसता. ५० मालिकेच्या कार्डांत ते डिकोडिंग आलंय, सगळ्यात स्वस्त ५०५०पासून. सुपर आली तरी यात नवीन काही मिळणार नाही, फक्त जीबी वाढतील.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर १६ जीबीची ५०६० टीआय घेतली असती. ५०७० वेगवान आहे, पण १२ जीबी. ४के फुटेजवर नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन ग्रेड (रंगसंस्कार) चढवले की आधी जीबी संपतात, वेग नंतर आठवतो. गेमिंग मुख्य असतं तर उलटं सांगितलं असतं. ८ जीबीची ५०६० टीआय मात्र फुकट बॅगेत टाकली तरच आणा. नाव तेच असल्यामुळे खोक्यावरचा आकडा दोनदा वाचा. उरलेल्या पैशांत बोर्ड-प्रोसेसर बदलायचा मोह टाळा. नवीन बोर्ड म्हणजे डीडीआर५ आणि डीडीआर५ म्हणजे ती पेन्सिल. आहे ती रॅम जपा.

जुनं कार्ड घ्यायचा विचार असेल तर कार्ड उलटं करून थर्मल पॅडच्या कडांना तेलाचा ओघळ दिसतो का बघा, स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय का बघा, आणि पीसीआयच्या सोनेरी दातांवर हिरवट झाक असेल तर सोडून द्या. वर्सोव्या-वरळीकडच्या, खिडकी उघडी ठेवणाऱ्या घरांतली कार्डं खारा वारा खाऊन तशी होतात. वीस मिनिटं फरमार्क हे कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर लावून पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवीन घेताना "बिल पाहिजे का?" असा प्रश्न आला की पाहिजे म्हणा. जीएसटीचे पैसे वाचतात असं वाटतं खरं, पण सिरीयल नंबर भारतातल्या वॉरंटीत बसत नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी तीन दिवसांची होते. नंबर बिलावर लिहून घ्या आणि खोक्यावरच्याशी तिथेच ताडून बघा. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादरला उतरा आणि वेस्टर्नने ग्रँट रोड गाठा, पूर्वेला बाहेर पडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी गर्दीत कोणी नीट बोलत नाही. मधल्या वारी अकरा-साडेअकराला जा, तीन दुकानांत एस्टिमेट घ्या, आणि कार्डाचा आकडा पेनाने लिहायला लावा.