पीठ मोजून घे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री नऊला तुझा फोन आला आणि मागे कसलाच आवाज नव्हता. टीव्ही नाही, छोटीचं रडणं नाही. मी विचारलं, "कुठे आहेस रे?" तू म्हणालास, "पार्किंगमध्ये. गाडीत बसलोय. मीटिंग इथूनच केली." ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तीन खोल्यांचं घर, त्याचे हप्ते तूच भरतोस, आणि काचा वर करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तू खाली अंधारात बसलेला.

तू विचारलंस, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं घरातून भाषांतरं केलीत, कसं जमवलंत?" मी फोनवर काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर लिहिते आहे. पहिली आठ-नऊ वर्षं मला ते जमलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या मुलीने भरली.

माझी आई मात्र हे काम नीट करायची. ती लिज्जतचे पापड लाटायची. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून उभी राहिलेली ही संस्था. कारखान्यात जाऊन काम नाही. सकाळी शाखेत जायचं, मळलेलं पीठ वजन करून घ्यायचं, घरी येऊन लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड नेऊन द्यायचे, तेही वजन करूनच. लालबागच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो आणि त्याच खोलीत आईचं हे सगळं चालायचं. उलट्या घातलेल्या टोपल्यांवर पापड वाळत असायचे, आम्ही भावंडं त्यांच्यामधून पाय चोरत जायचो. तुझ्या वाकडच्या फ्लॅटपेक्षा तिथे आवाज कमी होता असं समजू नकोस.

आई डबा खाली ठेवतानाच सांगायची, "आज तीन किलो." तेवढ्यावर सगळ्यांना कळायचं. तीन किलो म्हणजे चार वाजेपर्यंत आई पोळपाटावर, मग आपली. बाबांना ताप असला, नाहीतर आजी गावाहून आलेली असली, की ती दोनच किलो आणायची. पावसात ऊन नसलं की त्याहून कमी. कुणी मध्येच तिला हाक मारली तर ती चिडायची नाही, लाटणं न थांबवता म्हणायची, "अजून एवढ्या लाट्या आहेत बघ." आम्ही बघायचो. ताटात किती लाट्या उरल्यात हे पाच वर्षांच्या पोरालाही दिसत होतं. शेवटची लाटी लाटली की ती पोळपाट धुऊन भिंतीला उभा करायची आणि त्यानंतर उद्याच्या पापडाचं नाव तिच्या तोंडून निघायचं नाही.

पीठ मोजून घे. मला तुला एवढंच सांगायचं आहे आणि हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझ्या लॅपटॉपमधलं पीठ मोजलेलं नाही. तिथे लाट्या संपतच नाहीत, आणि घरातल्या कुणालाही, तुलासुद्धा, त्या दिसत नाहीत. तुझी आई दाराशी येऊन "झालं का?" विचारते, तू म्हणतोस "पाच मिनिटं". ती पाच मिनिटांनी पुन्हा येते. तिचं काय चुकलं? तूच बोलावलंस तिला. तू म्हणतोस, घरच्यांना कळतच नाही मी कामावर आहे म्हणून. त्यांना ते पुरतं कळतं. तू मोकळा कधी होणार हे त्यांना कळत नाही, कारण ते तू कधी ठरवलेलंच नसतं.

"पाच मिनिटं" या शब्दांवर माझा राग आहे, त्याचं कारण सांगते.

१९९८ साली ह्यांची कंपनी बंद पडली. थकलेला पगारही मिळाला नाही. मी आधी हौसेने भाषांतरं करत होते, ती आता पोटासाठी करायला लागले. विम्याची माहितीपत्रकं, औषधांच्या डबीतले कागद, बँकांचे अर्ज. मजकूर फॅक्सवर यायचा, शब्दाला ४० पैसे मिळायचे. नीट वाचून, तपासून माझे दिवसाला २,००० शब्द व्हायचे. मी ४,००० घ्यायचे. नाही म्हणायची भीती वाटायची. आज नाही म्हटलं तर उद्या बोलावणार नाहीत. डोंबिवलीच्या त्या घरात बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल होतं, आणि सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत मी कधीही तिथे असू शकत होते. म्हणजे मी कायमच तिथे होते.

मुलगी तिसरीत होती. रोज सकाळी कंगवा आणि दोन लाल रिबिनी घेऊन खुर्चीच्या मागे उभी राहायची. एका सकाळी बाराच्या आत पोहोचवायचा मजकूर होता. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांब." ती थांबली. किती वेळ थांबली मला माहीत नाही, कारण मी मागे वळून पाहिलंच नाही. दार वाजलं तेव्हा खिडकीतून बघितलं तर ती शाळेला निघालेली होती. एक वेणी कानाच्या वर, दुसरी मानेवर, आणि एका रिबिनीची गाठच बसलेली नव्हती, ती पाठीवर लोंबत होती. त्या दिवसापासून ती कंगवा घेऊन माझ्याकडे आली नाही. आणि मी? मी शेजारणींना कौतुकाने सांगितलं, "आमची शहाणी झाली हो, स्वतःची वेणी स्वतः घालते."

तू म्हणशील, घर चालवायचं होतं, काय करणार होतात. मीही स्वतःला हेच सांगत आले. आणि ते खोटं नाही. त्या ४० पैशांवर दोन वर्षं आमच्या घरी दूध आणि फी आली आहे, त्याची लाज मला कधीच वाटणार नाही. पण खरा हिशोब असा आहे की ४,००० शब्दांतले शेवटचे हजारभर शब्द मी रात्री चुकीचे लिहायचे आणि सकाळी पुन्हा लिहायचे. ज्या वेळात ती मागे उभी होती, त्या वेळात मी आदल्या रात्रीच्या चुका निस्तरत होते. आई असती तर म्हणाली असती, पेलत नव्हतं तर एवढं पीठ उचललंस कशाला.

आता तुझ्याकडे येते. तुझा मंगळवार तूच मला सांगितलास, मी कागदावर मांडला. सकाळी दहाला लॉगिन, रात्री अकराला बंद. तेरा तास. त्यात काम झालं ते बारा ते एक, छोटी झोपली तेव्हा दोन ते चार, आणि संध्याकाळच्या दोन मीटिंगा मिळून तीन तास. सहा तास. उरलेले सात तास तू सिलिंडर घेतलास, बाबांना बँकेत नेलंस, मोबाईलवर मेल बघत पोरीला भरवलंस, आणि चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून मधूनमधून येऊन माउस हलवलास. ते सात तास ना कंपनीला मिळाले ना घराला. दमलास मात्र तेरा तासांइतका.

म्हणून रात्री झोपताना, सकाळी नव्हे, उद्याचं पीठ मोज. मीटिंगाही त्यातच धर. तू मीटिंगा मोजत नाहीस, जसं काही त्या फुकट होतात. दोन मीटिंगा असतील तर त्या दिवशी हातात दुसरं एकच मोठं काम घे. ते कागदावर लिही आणि खाली उठायची वेळ लिही. दहा ते साडेबारा, मग दोन ते चार, मग साडेसहाची मीटिंग. चार ते सव्वासहा तू घरचा, आणि तेव्हा मोबाईल स्वयंपाकघरात फडताळावर. तो कागद फ्रिजवर लाव. तुझ्या वडिलांना दिसू दे. ते शाळामास्तर होते, आयुष्यभर वेळापत्रकावर चालले. त्यांना साडेबारा लिहिलेले दिसले तर ते साडेबारापर्यंत बँकेचं पासबुक हातात धरून शांत बसतील. आणि साडेबाराला तू उठ. एक ओळ राहिली असली तरी उठ. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलास तर त्या कागदावरचा त्यांचा विश्वास उडेल, मग घरभर पाट्या लावल्यास तरी कुणी वाचणार नाही.

छोटी दीड वर्षाची आहे, तिला कागद कळणार नाही, हे मला सांगू नकोस. तिला तू उठलेला कळेल.

घड्याळाचंही आत्ताच बघ. तुझ्या न्यूयॉर्कच्या लोकांचे सकाळचे नऊ म्हणजे सध्या आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कचं घड्याळ तासाने मागे जाईल आणि तुझी मीटिंग साडेसातला येईल, ती थेट मार्चपर्यंत. साडेसात म्हणजे छोटीच्या वरणभाताची वेळ. गेल्या वर्षी ते अचानक अंगावर आलं आणि महिनाभर तुमच्या घरी भांडणं झाली, तुझ्या आईनेच सांगितलं मला. यंदा आत्ताच विचार त्यांना, हिवाळ्यात आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या आठला मीटिंग घेता येईल का. नाही म्हणतील कदाचित. मग साडेसात धरून पीठ मोज आणि घरात आधी सांग. बातमी आधी कळली की माणसं सोय करतात. ऐन वेळी कळली की भांडतात.

तू म्हणालास, माझं पीठ मी मोजत नाही, मॅनेजर मोजतो. अरे, तो त्याला हवं तेवढं सांगतो. डबा पुढे तू करतोस. २००६ साली मी पहिल्यांदा एका एजन्सीला म्हटलं, दिवसाला २,००० शब्द, त्यावर नाही. त्यांचं काम गेलं आणि परत आलं नाही. तुला खोटी आशा दाखवत नाही, चार महिने ओढगस्तीत गेले. पण बाकीच्यांनी वेळ वाढवून दिली, कारण माझ्या कागदात चूक सापडायची बंद झाली होती. त्यानंतर मी कधीच जास्त घेतलं नाही. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. मुलगी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती, संध्याकाळी मी टेबलावरून उठायला लागले तोवर तिने स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलेलं होतं. तुझी अजून दीड वर्षाची आहे.

आणि एक गोष्ट मी फोनवर गिळली ती इथे लिहिते. तू म्हणालास, बायकोने वर्षभर नोकरी सोडली तर सगळं सुरळीत होईल. का रे? तिच्या पिठाचं वजन तू कधी विचारलंस? २०१७ च्या कायद्यातल्या बदलाने प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, रजेनंतर घरून काम करायचीही सोय कंपनीच्या संमतीने आली. तिने ते सगळं वापरलं आणि ती कामावर परत गेली. आता रोज हिंजवडीला जाऊन-येऊन जे काही ती करते, ते मोजलेलं आहे. ती संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघते, सातला घरी पोहोचते. तुझ्या न मोजलेल्या पिठासाठी तिने आपली परात का पालथी घालायची? तू दुखावशील हे वाचून. पण मी तुला लहानपणापासून ओळखते, दुखावलास तरी दोन दिवसांनी तुला पटतं.

गावी परत जाऊ का, कामासाठी बाहेर कुठे महिन्याच्या भाड्याने टेबल घेऊ का, हे प्रश्न नंतर. सोलापूरच्या घरात जागा मोठी आहे, पण हेच पीठ तिथे नेलंस तर तू तिथेही अंगणात गाडीत बसशील. आधी महिनाभर मोज. मग दिसेल की तुला खोली हवी आहे की नुसतं दार. भाड्याचं टेबल घेतलंस तरी माझी हरकत नाही, पण उठायची वेळ तिथेही लिहून ठेव.

आज रात्री खाली जाऊ नकोस. मीटिंग आतल्या खोलीत कर. छोटी मधेच आली तर येऊ दे, मांडीवर घे, न्यूयॉर्कच्या लोकांनाही पोरं आहेत. मीटिंग संपली की उद्याचा कागद लिही, फ्रिजवर लाव आणि त्याचा फोटो मला पाठव. साडेनऊच्या आत पाठव. साडेनऊला मी फोन बंद करून ठेवते, नंतर आलेला सकाळीच बघेन.

तुझी,
मावशी