व्हॉइसला ‘हायेस्ट’ प्रायॉरिटी देऊनही कॉलमध्ये आवाज का तुटतो?

नवा राऊटर एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की ४० एमबीपीएसचं फायबर आहे, राऊटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी पाठवायचा ते ठरवणारी सोय) चालू करून व्हॉइसला ‘हायेस्ट’ दिलंय, तरी घरात कुणी मोबाइलमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागलं की पलीकडे तुमचा आवाज तुटक ऐकू जातो. लहान ऑफिसांत आयपी फोन बसवून देणं हे माझं काम आहे आणि ही तक्रार सारखी समोर येते. बहुतेक वेळा प्रायॉरिटी बरोबरच दिलेली असते. पण पॅकेटांची, म्हणजे नेटवर जाणाऱ्या डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग राऊटरमध्ये लागतच नसते.

आवाजाला मुळात लागतं किती? जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा बनवायची एक पद्धत) साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइटचे हेडर (पत्ता वगैरे माहिती). हिशेब ८० केबीपीएसचा. तेव्हा मोठा प्लॅन घेऊन हा त्रास मिटेल असं धरून चालू नका. आवाज वेळेवर पोचायला हवा, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते.

आता तुमच्या घरात काय होतं ते बघा. राऊटर आणि फायबरचा डबा यांच्यामधली केबल बहुधा गिगाबिटची आहे. राऊटर त्या वेगाने पॅकेटं पुढे ढकलतो, त्यामुळे त्याची स्वतःची रांग कायम रिकामी. वेग ४० वर अडतो तो पुढे, डब्यात किंवा कंपनीच्या उपकरणात, आणि तिथे तुमचं ‘हायेस्ट’ कुणी विचारत नाही. टोलनाक्यावर रांग असताना स्वतःच्या फाटकातून आधी निघून काय उपयोग? तिथला १ मेगाबाइटचा, म्हणजे ८ मेगाबिटचा बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची जागा) भरला तर ४० एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला २०० मिलिसेकंद लागतात. काही ठिकाणी रांगही लावत नाहीत, जास्तीची पॅकेटं सरळ टाकून देतात. त्यात आवाजाचीही जातात. या फुगलेल्या बफरांना संगणक प्रोग्रॅमर जिम गेटिस यांनी २०१०-११च्या सुमारास ‘बफरब्लोट’ म्हणून सगळ्यांच्या नजरेस आणलं.

म्हणून ती रांग आपल्या राऊटरमध्ये ओढून आणायची. क्यूओएसच्या पानावर अपलोड बँडविड्थचा रकाना असेल. तिथे ४० किंवा ‘ऑटो’ न ठेवता ३६ टाका. फरक पडला नाही तर ३४. डाउनलोडलाही तसंच. चार एमबीपीएस सोडून देताना जीवावर येतं, पण नेमक्या त्या किमतीत रांगेचा ताबा तुमच्याकडे येतो.

राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची मुक्त प्रणाली) चालत असेल तर एसक्यूएम (रांग सांभाळणारं पॅकेज) टाका आणि त्यात ‘केक’ ही रांगेची पद्धत निवडा. मला हा उपाय प्रायॉरिटीच्या याद्यांपेक्षा कितीतरी चांगला वाटतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा बंदिस्त बोगदा) असेल तर आवाज त्या बोगद्यात बंद असतो. पोर्ट बघून तो ओळखणारा नियम तिथे निकामी ठरतो. केकला ओळखायची गरजच पडत नाही. तो प्रत्येक प्रवाहाला (म्हणजे प्रत्येक स्वतंत्र जोडणीला) वेगळी रांग देतो, आणि ‘नॅट’ व ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ हे पर्याय लावले की अपलोड सगळ्या उपकरणांत समान वाटून देतो. मग कुणी कितीही व्हिडिओ चढवोत, तुमच्या लॅपटॉपचा वाटा शाबूत राहतो.

राऊटरच्या ताकदीचा प्रश्न इथे येतो. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटं प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपकडून पुढे पाठवणं) चालू असेल तर पॅकेटं या रांगेला वळसा घालून जातात, म्हणून ते बंद करावं लागतं. बंद केलं की सगळा भार प्रोसेसरवर. राऊटरवर ‘टॉप’ ही कमांड लावून अपलोड चालू असताना ‘एसआयआरक्यू’चा (पॅकेटांच्या कामात प्रोसेसरचा किती टक्के वेळ जातो त्याचा) आकडा बघा. तो शंभराच्या जवळ जात असेल तर राऊटर कमी पडतोय, मग बदला. ४० एमबीपीएसला सहसा साधा राऊटरही पुरतो.

कंपनीने दिलेल्या डब्यात यातलं काहीच नसेल तर त्याच्या मागे स्वतःचा राऊटर लावा, पण त्या डब्याचं वायफाय बंद करा. एक जरी मोबाइल जुन्या वायफायवर राहिला, तरी त्याचा अपलोड तुमच्या रांगेबाहेरून जाईल.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी करा. मोठी फाइल चढवत ठेवा आणि लॅपटॉपवरून दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावा, एक राऊटरला, एक बाहेरच्या सर्व्हरला. फक्त बाहेरचा वाढला तर वर लिहिलेलं तुम्हाला लागू आहे. राऊटरचाच पिंग उड्या मारत असेल तर दोष वायफायचा आहे. लॅपटॉपला केबल जोडा, ते जमत नसेल तर ५ गीगाहर्ट्झवर जा. डब्ल्यूएमएम ही वायफायची सेटिंग मात्र बंद करू नका, त्यातच वायफायवर आवाजाला पुढे काढायची सोय असते.

आणि कधी एकाच बाजूचा आवाज येत असेल तर त्याचा क्यूओएसशी संबंध नाही. राऊटरमधलं ‘सिप एएलजी’ (इंटरनेट कॉलच्या पॅकेटांत बदल करणारी सोय) बंद करून पाहा.