शेतात ४०० चौरस फुटांचे घर बांधून पुढे दोन खोल्या वाढवायच्या असतील, तर साहित्य आणि आराखडा कसा निवडावा?

आपला प्रश्न असा आहे की, अमळनेरजवळच्या काळ्या जमिनीत सुमारे ४०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे, चार-पाच वर्षांनी त्याला दोन खोल्या जोडायच्या आहेत, साहित्य शक्यतो पर्यावरणाला कमी त्रास देणारे हवे आहे, आणि त्यासाठी कारखान्यातून येणारे तयार ‘मॉड्युलर’ घर घ्यावे का, हेही आपल्याला ठरवायचे आहे. मी जळगाव जिल्ह्यात लहान घरांचीच कामे करतो, त्यामुळे अनुभवावरून लिहितो.

तयार पत्र्याच्या घराविषयी माझे मत प्रतिकूल आहे. चांगल्या फोमच्या पॅनेलमुळे उष्णता अडते हे खरे आहे, परंतु आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबिनमध्ये मे महिन्यात दुपारी बसवत नाही, आणि एखादे पॅनेल चेपले तर ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला मिळत नाही. शिवाय मॉड्युलर रचना, म्हणजे ठरावीक मापाच्या भागांनी वाढत जाणारी रचना, ही कारखान्यातूनच यावी लागते असे नाही. आपल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांचे मोजमाप खणांत होत असे. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. ऐपत असेल तेवढे खण आधी बांधायचे, मुलाच्या लग्नाच्या वेळी आणखी दोन वाढवायचे, ही पद्धत खानदेशात कोणी शिकवावी लागली नाही. आपण तिचाच आजच्या मापांत विचार करावा.

माप विटेवरून ठरवावे. मानक मॉड्युलर वीट १९ × ९ × ९ सेंटीमीटरची असते आणि मसाल्याचा एक सेंटीमीटरचा सांधा धरला की तिची लांबी २० होते. म्हणून भिंत १५ विटांची घेतली तर ती ३०० नव्हे, २९९ सेंटीमीटर भरते, कारण शेवटचा सांधा उरत नाही, आणि पाच विटांच्या जागेतला दरवाजा १०१ सेंटीमीटरचा होतो, कारण तिथे सांधा एक जास्त येतो. हे नकाशात आधी बसवले, तर गवंड्याला वीट तोडावी लागत नाही. आपल्या भागात मिळणाऱ्या विटा बहुधा या मापाच्या नसतात, त्यामुळे ज्या भट्टीची किंवा कारखान्याची वीट घेणार, तिच्या दहा विटा ओळीने मांडून सरासरी माप काढावे आणि मगच नकाशा पक्का करावा.

भिंतीसाठी मी फ्लाय अ‍ॅशच्या विटांना, म्हणजे कोळशाच्या राखेपासून केलेल्या विटांना, पहिली पसंती देतो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र असल्याने राख दुरून आणावी लागत नाही, वीट भाजावी लागत नाही आणि शेताच्या वरच्या थरातील सुपीक मातीही वाचते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ‘रॅट ट्रॅप’ बांधणी, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणे, वापरली तर विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे पश्चिमेची भिंत कमी तापते. मात्र ही बांधणी न केलेला गवंडी पहिल्या दिवशी पोकळीत मसाला भरून टाकतो, म्हणून पहिले चार थर समोर उभे राहून करून घ्यावेत.

मातीचे दाबीव ठोकळे करायचे असतील, तर शेतातली काळी माती अजिबात वापरू नये. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सुमारे निम्मी वाळू आणि पाचव्या हिश्श्याइतकी चिकणमाती असलेली माती लागते. काचेच्या बरणीत माती व पाणी हलवून रात्रभर ठेवले की थर वेगळे दिसतात. त्यात पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून ठोकळे दाबावेत आणि २८ दिवस ओले ठेवावेत. गावाशेजारची ‘पांढरी’, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरट माती, मात्र खणू नये. खानदेशातल्या प्रकाशे आणि बहाळ येथे अशाच टेकाडांत ताम्रपाषाणयुगातील वस्त्या सापडल्या आहेत.

खरा खर्च आणि खरी चूक घराच्या पायाच्या कामात होते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी जुन्या भिंतीत दात काढून, म्हणजे एकाआड एक थरातली वीट काढून, नवी खोली तिला जोडली होती. जुना पाया मुरमावर होता, नवा काळ्या मातीतच तीन फुटांवर थांबवला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर जोडावर वरपासून खालपर्यंत भेग पडली आणि तिच्यात रुपयाचे नाणे उभे शिरत असे. तेव्हापासून मी नवा खण जुन्या भिंतीला कधीच बांधत नाही. दोघांच्या भिंती व स्लॅब वेगळे ठेवून मध्ये एक इंचाचा सांधा सोडतो आणि वरून पत्र्याची झाकण-पट्टी लावतो. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल, तर पाया तिथपर्यंत न्यावा. खूप खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्यावेत; त्यासाठी स्थापत्य अभियंत्याकडून आकडेमोड करून घ्यावी. खड्डे आजच भावी खोल्यांच्या जागीही खणून पाहावेत.

छतासाठी जुने धाबे आता नको. उन्हाळ्यात ते सुखाचे असले, तरी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकायला माणसे मिळत नाहीत, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड मातीच्या छतांनी काय केले ते आपण पाहिले आहे. मंगलोरी कौले भरलेला फिलर स्लॅब, म्हणजे खालच्या भागात काही काँक्रीटऐवजी कौले बसवलेला स्लॅब, करावा, त्यावर दर वर्षी चुना द्यावा, आणि भिंतींत दारांच्या वर सळया घातलेल्या काँक्रीटचा सलग आडवा पट्टा घ्यावा. पडवीला सातपुड्यातला भरीव मानवेल बांबू उत्तम. बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून, दगडी बैठकीवर उभा करावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे शेतातला बांबू आणणे सोपे झाले आहे.

गच्चीवर गंजत ठेवलेल्या सळया आपल्याला गावोगाव दिसतात. वरचा मजला बहुधा येतच नाही. आपण आडवे वाढणार आहात, म्हणून सळयांऐवजी दारे सोडावीत. ज्या भिंतीपलीकडे पुढची खोली येणार, तिथे लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, आताच घालून ठेवावे आणि खालची १०१ सेंटीमीटरची जागा चिखलाच्या मसाल्यात विटा लावून बुजवावी, आतून थोडी खोल. चार-पाच वर्षे तो कोनाडा म्हणून वापरता येतो आणि वेळ आली की तासाभरात विटा शाबूत निघतात.