कानाच्या पडद्याचं ऑपरेशन दुर्बिणीने करावं की कानामागे चीर देऊन? आईसाठी कोणती पद्धत चांगली?

मी जळगावात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते आणि ही दोन्ही प्रकारची ऑपरेशनं नेहमी करते, म्हणून उत्तर देतेय. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईंचं वय 54, गाव चोपडा तालुक्यात. डावा कान लहानपणापासून अधूनमधून वाहतो, वर्षभरापासून त्या पाण्याला घाण वास येतो. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, डाव्या कानाचा हवेतून ऐकण्याचा आकडा 60 डेसिबल, हाडातून ऐकण्याचा 15 (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). एक डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने बिनटाक्याचं करू. दुसरे म्हणाले, आधी सी.टी. स्कॅन काढा, बहुतेक कानामागून मास्टॉइडही (कानामागचं हाड) साफ करावं लागेल. शिवाय शेजारच्या काकूंना 'पिस्टन' बसवल्यावर लगेच ऐकू आलं, मग आईंना तेच का नको, असाही प्रश्न आहे.

कान न बघता निदान करता येत नाही. पण तुमच्या माहितीवरून मला दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं जास्त पटतं, निदान सी.टी. होईपर्यंत तरी. त्याचं कारण तो वास.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण 'ताई, कान वाही ऱ्हायना' (कान वाहतोय) एवढंच सांगतात. पण वाहणाऱ्या कानाचे दोन अगदी वेगळे आजार असतात. पहिल्यात पडद्याच्या मधल्या भागाला छिद्र असतं. सर्दी झाली किंवा कानात पाणी गेलं की कान वाहतो, पाणी पातळ, चिकट, बहुधा बिनवासाचं, औषधाने थांबतं. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा कडेचा भाग आत ओढला जातो, तिथे कातडीचा खिसा तयार होतो आणि त्यात मेलेल्या कातडीचे थर साचत जातात. याला कोलेस्टिटोमा म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण हाड खातो. कानातली तीन नाजूक हाडं, चेहऱ्याच्या नसेवरचं हाडाचं आवरण, तोल सांभाळणारी नळी आणि मेंदू व कान यांच्यामधलं पातळ छत, यांपैकी कशालाही तो पोहोचू शकतो. यात स्राव थोडाच असतो, पण वास येतो आणि थेंबांनी तो कायमचा जात नाही.

हा दुसरा प्रकार कधीकधी फार लपून असतो. पडद्याच्या वरच्या टोकाला मळाची तपकिरी खपली दिसते, बाकी पडदा ठीक वाटतो, आणि घाईत बघणारा 'मळ आहे' म्हणून पुढे जातो. मायक्रोस्कोपखाली ती खपली हळूच उचलली की मागे हाडात पोखरलेला खड्डा आणि त्यात पांढरट चकचकीत थर दिसतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: छिद्र मधोमध आहे की वर-कडेला, आणि पांढरे थर दिसले का? पद्धतीचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आता तुमची मूळ तुलना. दुर्बीण म्हणजे एंडोस्कोप. तो कानाच्या नळीतून आत जातो, कॅमेऱ्यातून स्क्रीनवर चित्र येतं. चित्र रुंद मिळतं, आणि 30 किंवा 45 अंशांची दुर्बीण घेतली तर कोपऱ्यामागचंही दिसतं. मायक्रोस्कोप सरळ रेषेतच बघतो, त्यामुळे नळी अरुंद किंवा वाकडी असली की पडद्याची पुढची कड दिसायला कानामागून जावं लागतं. दुर्बिणीची अडचण अशी की एक हात तिला धरण्यातच अडकतो. रक्त यायला लागलं की एकाच हाताने ओढायचंही आणि कामही करायचं. मायक्रोस्कोपला दोन्ही हात मोकळे राहतात आणि खोली डोळ्यांना खरी कळते. मास्टॉइडचं हाड ड्रिलने घासायचं तर दोन हात हवेतच.

साध्या मधल्या छिद्रासाठी पडदा जुळण्याचे निकाल दोन्ही पद्धतींत जवळपास सारखे येतात, चांगल्या हातात दहातले साडेआठ-नऊ पडदे जुळतात. मग फरक कुठे? दुर्बिणीत दुखणं कमी, कानामागे पट्टी नाही, केस कापावे लागत नाहीत. कानामागची चीर घडीत लपते, पण कानाची पाळी काही महिने बधिर वाटते. माझ्या मते असा कान असेल आणि सर्जनचा दुर्बिणीवर हात बसलेला असेल तर दुर्बीण उत्तमच. पण जाहिरातीतलं 'बिनटाक्याचं' बघून निवड करू नका. ज्या सर्जनचा मायक्रोस्कोपवर वीस वर्षांचा हात आहे, त्यांना 'दुर्बिणीनेच करा' असा आग्रह धरणं आईंच्या फायद्याचं नाही.

पडदा कशाचा शिवतात, असंही तुम्ही विचारलंय. शिवत नाहीत. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून घेतो. ते ताजं असताना ओलं आणि लिबलिबीत असतं. स्टीलच्या ठोकळ्यावर पसरून वाळू दिलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखं होतं, मग मापाने कापून जुन्या पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवतो. त्याच्या आधाराने शरीर नवी कातडी आणतं. पडदा पूर्वी एकदा फाटला असेल किंवा आत ओढला जाण्याची सवय असेल, तर मी कानाच्या पुढच्या छोट्या उंचवट्यातलं कूर्चेचं पातळ काप वापरते. ते जाड असलं तरी ऐकण्यात फारसा फरक पडत नाही आणि टिकतं जास्त.

तुमच्या रिपोर्टमधले आकडेही बोलतात. 60 आणि 15 मधली दरी 45 डेसिबलची आहे. नुसत्या छिद्राने एवढी दरी सहसा पडत नाही, 40 च्या पुढे गेली की तीन हाडांची साखळी तुटल्याची शंका घ्यावी. सगळ्यात आधी झिजतो तो मधल्या हाडाचा लांब दांडा, कारण त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो. अशा वेळी फक्त पडदा लावला तर कान कोरडा होईल, ऐकू मात्र फारसं वाढणार नाही. साखळी जोडण्यासाठी त्याच हाडाचा घासून आकार दिलेला तुकडा, कूर्चा किंवा टायटॅनियमचा छोटा सांधा बसवतात. रोग जास्त असेल तर ते काम दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवतात. चांगली बाजू म्हणजे हाडातून 15 येतंय, म्हणजे आतला कान शाबूत आहे. तो गमवायचा नाही, हीच घाईची खरी गरज.

कोलेस्टिटोमा निघाला तर पुढचा निर्णय दुर्बीण-मायक्रोस्कोपचा राहत नाही, कानाच्या नळीची मागची हाडाची भिंत ठेवायची की काढायची, याचा होतो. भिंत ठेवली तर कान दिसायला-वागायला नेहमीसारखा राहतो, पाण्याची तितकी भीती नाही, पुढे मशीन लावायचं तर नीट बसतं. पण तिच्या आडोशाला कातडीचा कण राहिला तर तो गुपचूप वाढतो. म्हणून नऊ-बारा महिन्यांनी पुन्हा उघडून बघावं लागतं किंवा खास पद्धतीचा एम.आर.आय. काढावा लागतो. भिंत काढली तर मास्टॉइड आणि नळी मिळून एकच मोठी पोकळी होते. रोग परत येण्याची शक्यता कमी, आला तरी ओ.पी.डी.त दिसतो. बदल्यात ती पोकळी दर सहा-बारा महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते, आणि थंड पाणी गेलं की गरगरतं.

इथे माझं मत पुस्तकापेक्षा आपल्या भागाकडे बघून आहे. नंदुरबारच्या डोंगरातून किंवा यावल-चोपड्याच्या आतल्या गावातून आलेला पेशंट कान कोरडा झाला, दुखायचं थांबलं की वर्षाने परत येत नाही. कपाशी वेचणीला आलेली असते, केळीच्या बागेचं पाणी असतं, घरातलं लग्न असतं. ज्याचं परत येणं नक्की नाही, त्याची भिंत ठेवून मी धोका घेत नाही. तुम्ही स्वतः जळगावला असता आणि आईंना घेऊन यालच असं लिहिलंय. रोग लहान असेल तर भिंत ठेवण्याचा विचार जरूर व्हावा. हल्ली दोन्ही साधनं एकत्र वापरतात: मायक्रोस्कोपने मास्टॉइड साफ करायचं, शेवटी दुर्बीण घालून कोपरे तपासायचे. दोन्ही डॉक्टरांना विचारा की त्यांच्याकडे अशी सोय आहे का.

आणि एक: कान कोरडा, छिद्र मधोमध, सी.टी. स्वच्छ असं निघालं, तर मास्टॉइड उघडून खास फायदा होतो असं दिसलेलं नाही. तेव्हा पहिल्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर ठरेल.

काकूंचं पिस्टन हे वेगळ्याच आजारावरचं ऑपरेशन आहे. त्यात पडदा धडधाकट आणि कान कोरडा असतो, फक्त शेवटचं हाड, रिकीब, खिळून बसतं. 1956 मध्ये अमेरिकेत जॉन शे यांनी ते हाड काढून टेफ्लॉनचं बसवलं, तिथून आजची पद्धत सुरू झाली. आता पूर्ण हाड न काढता त्याच्या तळाला मिलिमीटरपेक्षा लहान भोक पाडून पिस्टन अडकवतात. ऐकू लगेच येतं हे खरं, पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हेही खरं. वाहत्या कानात हे करायचंच नाही, जंतू थेट आतल्या कानात जातील. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, तर आतला कानच निकामी झालेल्यांसाठी. आईंना त्याची गरज नाही.

तुमचे मामा ऐकण्याचं मशीन घ्या म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यात चूक नाही, पण कोरड्या कानात. वाहत्या कानात मशीनचा साचा घातला की हवा कोंडते आणि कान आणखी वाहतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कानाचा विभाग आहे, तिथेही दाखवता येईल. मधल्या छिद्राचंच ऑपरेशन ठरलं तर कपाशीच्या वेचणीच्या आधी किंवा नंतर घ्या. पहिले काही आठवडे डोक्यावर ओझं नाही, जोरात नाक शिंकरणं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, आणि डोक्यावरून अंघोळ करताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. ऐकण्याची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करा, त्याआधी निराश होऊ नका. कानात लसूण टाकून कढवलेलं तेल घालत असाल तर ते आजच बंद करा. जुन्या चिठ्ठीवरचे जेंटामायसिनचे थेंबही नकोत, फुटलेल्या पडद्यातून ते आतल्या कानाला अपाय करू शकतात.

वासाचा कान असताना मात्र वेचणी संपायची वाट बघू नका, सी.टी. या आठवड्यातच करा. मधल्या काळात आईंना गरगरायला लागलं, चेहऱ्याची एक बाजू ओढली गेली, कानामागे सूज आली, किंवा तापाबरोबर जोराची डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर कोणत्या डॉक्टरांकडे करायचं हा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्या.