छपराच्या कामात 'लो व्हीओसी' अ‍ॅडहेसिव्ह वापरलं, तर खाली काम करणाऱ्यांना त्रास होणार नाही ना?

इमारत चालू ठेवून सपाट छपरावर रबरी शीट चिकटवायची आहे, खाली दोन मजले माणसं बसतात आणि कॉन्ट्रॅक्टर सांगतो, 'लो व्हीओसी आहे, काळजी नको'. मी बरीच वर्षं छपरांची कामं करून घेतोय. नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका. व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडून जाणारी कार्बनी रसायनं.

व्हीओसीची मर्यादा मुळात बाहेरच्या हवेसाठी आली. सॉल्व्हंटची, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह पातळ ठेवणाऱ्या द्रवाची, वाफ उन्हात ओझोन आणि धुरकं तयार करते, ते रोखायला. अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियाचा नियम ११६८ अशा शीटच्या अ‍ॅडहेसिव्हला लिटरमागे किती ग्रॅम व्हीओसी चालेल याची मर्यादा घालतो. पण धुरकं फारसं न करणारी सॉल्व्हंटं या हिशेबात धरतच नाहीत. अ‍ॅसिटोन त्यातलंच, आणि ते शून्याखाली २० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकतं. म्हणजे आकडा कमी असूनही डबा ज्वालाग्राही असू शकतो. म्हणून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचं सुरक्षा-माहितीपत्रक, मागा. तिसऱ्या भागात घटक असतात, नवव्या भागात फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते. टोल्युईन, झायलीन, हेक्झेन दिसलं तर दुसरा माल सुचवायला सांगा.

आधी हेही विचारा, की चिकटवायलाच हवं का? मागे चिकट थर असलेली शीट मिळते, किंवा स्क्रू-प्लेटने बसवता येते, अर्थात वारा शीट उचलणार नाही याचा हिशेब करून. चिकटवायचंच असेल तर माझी पहिली पसंती पाण्यावर आधारित अ‍ॅडहेसिव्हला. त्याला धीर मात्र लागतो. थंडीत, साधारण ५ अंशांखाली, ते वापरू नये. दमट हवेत वाळायला वेळ घेतं. दोन्ही बाजूंना लावायचा प्रकार असेल तर दुधासारखा पांढरा थर पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, मग अंगठा टेकवून बघायचा: चिकट लागावं, पण बोट उचलताना तार सुटू नये. इथे घाई केली की पाणी खाली अडकतं आणि पुढे शीटला फुगे येतात.

दोन भाग मिसळून फेसासारखं फुगणारं पॉलियुरेथेनही मिळतं. बहुतेकांत सॉल्व्हंट नसतं, वासही जवळपास नाही. पण त्यात आयसोसायनेट हे रसायन असतं. ते शरीराला एकदा बाधलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. वास नाही म्हणून कामगार मास्क काढून ठेवतात, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आणि कापडी मास्क वाफ अडवत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं.

आता तुमच्या खालच्या माणसांचं. एका कामावर सकाळी दहाच्या सुमारास खालून दोघी जणी वर आल्या, डोकं दुखतंय म्हणाल्या. आमचा रोलर जिथे फिरत होता तिथून दहा-बारा पावलांवर एसीला ताजी हवा घेणारी जाळी होती. सॉल्व्हंटची वाफ हवेहून जड, छपराला चिकटून सरकते आणि पंखा ती थेट आत ओढतो. काम थांबवलं, पण जाळी आदल्या दिवशीच बघायला हवी होती, ती चूक माझी. तेव्हापासून मी आधी सगळ्या जाळ्या नकाशावर टिपतो, त्यांच्याजवळचा भाग सुट्टीच्या दिवशी उरकतो आणि तेवढा वेळ बाहेरची हवा घेणं बंद ठेवायला सांगतो. उघडे डबेही जाळीपासून लांब, वारा वाफ जाळीकडे न आणता दूर नेईल अशा बाजूला.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला घेऊन एकदा छपरावर जा आणि त्या जाळ्या कुठे आहेत ते त्यालाच दाखवायला सांगा.