पंप शेवटच्याकडे

चि. सायकलवीरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. दसरा उरकला की चौघं मिळून खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, नसरापूर आणि कात्रजवरून घरी. रस्ता झकास निवडलास. कोण कुठून निघतो त्यावर १०० ते १२० किलोमीटर भरतील. तक्ताही फर्मास केलायस: कुठल्या गावी किती वाजता, सरासरी वेग किती, फोटो कुठे. फक्त चौघांत सगळ्यात हळू कोण चालवतो, ते कुठेच नाही. मला आधी तेच हवं होतं.

का, ते सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील, याच पाबे घाटात आम्ही पाचजण होतो. पायात जोर होता आणि डोक्यात त्याहून जास्त. रांजणं मागे पडल्यावर मी जी मान खाली घातली, ती खिंडीत पोचल्यावरच वर केली. तिथून तोरणा आणि राजगड दोन्ही समोर. पाऊस नुकता उघडलेला, हवा धुतल्यासारखी. आम्ही चौघांनी चिक्की फोडली आणि तोरण्याची बुधला माची कुठली नि झुंजार माची कुठली, यावर भांडत बसलो. पाचवा येईना. अर्धा तास गेला. फोनला रेंज नाही. शेवटी मी खाली उतरलो, तर तीन वळणांखाली गडी कठड्यावर बसलेला. मागचं चाक मांडीवर, ट्यूब गळ्यात. पॅच चिकटवून तयार होता. पंप माझ्या पिशवीत होता आणि पिशवी वर खिंडीत. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "चिक्की उरलीय का?"

उरली नव्हती. पुढच्या राइडला त्याला काहीतरी काम निघालं, त्याच्या पुढच्यालाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. पंप, टायर लिव्हर (रिमवरून टायर सोडवायची पट्टी) आणि जादा ट्यूब शेवटच्या माणसाकडे असणार, आणि तो शेवटचा माणूस सगळ्यात दमदार असणार. तुमच्यात म्हणजे तू. सपाटीवर हळू चालवणाऱ्याला पुढे घाला, वेग त्याने ठरवायचा. घाटात मात्र उलट. चढावर दुसऱ्याच्या वेगाने कुणाला ओढू नये, छाती भरून येते आणि माणूस मनातून खचतो. ज्याने त्याने आपापल्या दमाने चढावं, पण थांबायच्या जागा आधीच ठरलेल्या असाव्यात, आणि शेवटचे दोघं येईपर्यंत कुणी हलायचं नाही. एक बारीक गोष्ट लोक हमखास विसरतात. मागून येणारा पोचला रे पोचला की आधीचे उठून सायकलवर बसतात. म्हणजे विश्रांती कुणाला मिळाली? ज्याला नको होती त्याला. तो आल्यावर दहा मिनिटं घड्याळ लावून बसा.

थंडीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची म्हणतोस, म्हणून सरासरीचा एवढा ध्यास. पण तिथे साडेतेरा तास मिळतात आणि दोन कंट्रोलांच्या, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांच्या, मध्ये बाहेरची मदत चालत नाही, पंक्चर आपलं आपणच काढायचं. तेव्हा या आठवड्यात घरी बसून मागचं चाक चार वेळा काढून घाल. पुढचं कुणीही काढतं. मागचं काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर आण, नाहीतर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), चेन आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) यांच्यात बोटं काळी करत बसशील.

तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा आहे. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं, तुझ्या व्हॉल्व्हवर ते बसणारच नाही. शेंगदाण्याएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो आत्ताच व्हॉल्व्हवर चढवून ठेव. खिशात ठेवलास तर हरवेल. माझे तीन हरवलेत. आणि हवा ठासून भरू नकोस. तुझ्या ३५ मिमीच्या टायरला ६० ते ६५ पीएसआय पुष्कळ झाली. दगडासारखं कडक टायर खडीवर उडतं, चिकटत नाही.

पाब्याच्या उताराबद्दल दोन शब्द जास्तच बोलणार आहे, कारण चढताना पडलेला माणूस मी फारसा पाहिला नाही. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या अंगाला खडी वाहून आलेली असते. जिथून झरा रस्त्यावर येतो तिथे हिरवं शेवाळ धरतं, लांबून ते नुसतं ओलं वाटतं. वळणात शिरायच्या आधी वेग काढ, वळणात ब्रेक दाबू नकोस. सतत ब्रेक ओढून उतरलास तर रिम तापते, म्हणून दाब, सोड, पुन्हा दाब. आणि पुढच्याला खड्डा दिसला की त्याने मोठ्याने ओरडायचं. लाजायचं नाही. आमच्यातला एकजण इतक्या सभ्यपणे "खड्डा आहे हं" म्हणायचा की ते ऐकू येईपर्यंत आम्ही खड्ड्यात.

कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, शांत चाला. ती कंटाळतात.

खाणं भूक लागायच्या आधी, पाऊण तासाला थोडं थोडं: केळं, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी. वेल्ह्यात पिठलं-भाकरी मिळेल. तांदळाची भाकरी आणि वर ठेचा असला की हात थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी दीड भाकरीवर उठा. पुढे विंझर, मार्गासनीपर्यंत दोन्ही बाजूंना भात पिवळा पडत आलेला असेल, रस्ता सोपा आहे, आणि नेमकं तिथेच भरल्या पोटी डोळे मिटतात. ऑक्टोबरचं ऊनही तेव्हाच डोक्यावर असतं. बाटलीत साखर-मीठ घाला. दम उरला तर नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत अर्धा तास पाठ टेका.

चेलाडीला हायवे लागला की गप्पा बंद, एकामागे एक. मला हा तुकडा मुळीच आवडत नाही, पण त्याला इलाज नाही. सर्व्हिस रोड जिथे आहे तिथे तो धरा. शिंदेवाडीपासून जुना घाट घ्या. दिवसाचा शेवटचा चढ तो, आणि तुमच्यातला एकजण तिथे नक्की चालत येईल. तूही त्याच्याबरोबर चाल. जुन्या बोगद्यात शिरण्याआधी पुढचे-मागचे दिवे लावा, भर दुपार असली तरी.

आता तो हळू चालवणारा कोण, ते कळव. शुक्रवारी संध्याकाळी त्याला सायकलसकट माझ्याकडे पाठव. बहुतेक सीट हवी त्यापेक्षा चार बोटं खाली असणार.

तुझा,
काका