कॅमेरा बंद केला नाही, म्हणजे मी निर्दयी आहे का?

डोळ्यांसमोर एखादा जीव तडफडत असताना आपण चित्रीकरण करत राहिलो, याची टोचणी घेऊन माध्यमांचे शिक्षण घेणारी मुले माझ्याकडे येतात. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे मांडत आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती प्राण्यांच्या बचाव केंद्रावर माहितीपट करत होती. पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराची लागण झालेले एक पिल्लू सलाईन चालू असतानाच गेले आणि तो सगळा वेळ तिचा कॅमेरा सुरू होता. इतकेच नव्हे, तर मध्येच चित्र धूसर झाल्यावर तिने शांतपणे फोकसही नीट केला. त्या दिवशी तिला रडू आले नाही. झोप उडाली ती संकलन सुरू झाल्यावर. "मॅडम, तेव्हा मला काहीच कसं वाटलं नाही?" हा तिचा पहिला प्रश्न होता. मैत्रिणींनी "कुत्र्याचं पिल्लूच तर होतं" म्हणून विषय संपवला होता आणि तिला तर सगळे फूटेज पुसून टाकायचे होते.

तिला काय वाटले, यापेक्षा त्या खोलीत नेमके काय घडत होते, हे मी आधी विचारून घेतले. पिल्लापाशी डॉक्टर आणि दोन मदतनीस होते. पार्व्होचा विषाणू हातांवरून, चपलांवरून पसरतो आणि जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, म्हणून तिला दाराजवळच थांबायला सांगितले होते. कॅमेरा ठेवून ती धावली असती, तर त्या पिल्लाला उपयोग झाला नसता आणि शेजारच्या पिंजऱ्यांना धोका मात्र वाढला असता. हातातल्या कामावर लक्ष एकवटले की भावना काही काळ मागे सरतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचेही असेच होते आणि त्यांना आपण निर्दयी म्हणत नाही.

बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. एका जखमी घुबडाचा शॉट मनासारखा आला नाही, म्हणून तिने मदतनीसाला ते पुन्हा हातात धरायला लावले होते. याबाबत मी तिची समजूत काढली नाही. वन्य पक्ष्याला माणसाने हाताळण्याचाच मोठा ताण येतो, आणि उपचाराखेरीज त्याला धरण्याचे कारण नव्हते. पिल्लाबद्दलची टोचणी निराधार होती, घुबडाबद्दलची रास्त होती. आणि रास्त टोचणीवर काहीतरी करता येते. तिने केंद्राच्या डॉक्टरांना ते सांगितले, तो शॉट वगळला आणि पुढचे चित्रीकरण पडद्याआडून, लांबच्या लेन्सने केले.

त्रास संकलनाच्या वेळी का झाला, हेही तिला समजायला हवे होते. प्रसंग घडला एकदा, पण टेबलावर तिने तो हेडफोन लावून, रात्री उशिरा, पुन्हा पुन्हा पाहिला. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या 2013 च्या नियमावलीत, पडद्यावरून पाहिलेली दृश्ये एरवी आघात म्हणून धरली जात नाहीत, परंतु ती पाहणे कामाचा भाग असेल तर अपवाद केला आहे. तिथले आघाताचे निकष माणसांवरच्या प्रसंगांसाठी आहेत, त्यामुळे ते निदान मी तिला लावले नाही; पण कामासाठी वारंवार पाहणे वेगळे असते, हे त्यातून तिला पटले.

मग आम्ही सवयी बदलल्या. आवाज बंद ठेवायचा, कारण ते कण्हणेच तिच्या कानात राहिले होते. संगणकावर दृश्याची खिडकी लहान करायची. क्लिपना स्पष्ट नावे द्यायची, म्हणजे नको ते दृश्य अचानक समोर येत नाही. हे काम दिवसा उरकायचे. फूटेज पुसण्याचा निर्णय झोप पूर्ववत होईपर्यंत पुढे ढकलला.

महिना उलटूनही दुःस्वप्ने थांबली नसती किंवा प्राण्यांजवळ जाणेच ती टाळू लागली असती, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. ती वेळ आली नाही. पिल्लाचा प्रसंग माहितीपटात ठेवायचा की नाही, हे मी तिच्यावर आणि तिच्या मार्गदर्शकांवर सोडले, कारण तो संकलनाचा प्रश्न होता आणि त्यात माझे मत विचारात घेण्यासारखे नव्हते.